नमुन्यातला नंबर

तपासनीसानं माझी दुरुस्ती पुन्हा नाकारली. कारण तेच आणि शब्दही तेच. 'नवे उदाहरण चालत नाही. जुने उदाहरण चालते. जुने ठेवले आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

मी सहकार्य करत नव्हते, मी चिडले होते. पण ते त्याला कळायचं काही कारण नाही, कारण तपासनीस हा माणूस नाही. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर राखणीला बसवलेला तो एक प्रोग्राम आहे. त्याच्या परवानगीशिवाय तिथला स्वल्पविरामही हलत नाही. पूर्वी साहेब मंडळींशी भांडून तरी समाधान मिळायचं, निदान समोरच्याचा चेहरा उतरायचा. याला चेहराच नाही.

मी ऋचा पिसाळ. बाणेरला 'साद' नावाच्या कंपनीत दस्तऐवज सांभाळते. आमच्या सेवेचं काम तसं साधं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर एक पट्टा असतो. माणूस पडला की पट्ट्याला झटका कळतो, पट्टा आमच्या सेवेला कळवतो आणि आमची सेवा त्या माणसाच्या घरच्यांना फोन लावते. पट्टे करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आणि त्यांची ॲप्स त्याहून पुष्कळ. या सगळ्यांनी आमच्या सेवेशी कुठल्या शब्दांत आणि कुठल्या क्रमानं बोलायचं, याची ठरलेली पद्धत म्हणजे आमचा एपीआय. ती पद्धत समजावून सांगणारी पानं मी लिहिते. प्रत्येक पानावर वर मजकूर आणि खाली नमुन्याचा कोड असतो. हा असा लिहा, म्हणजे फोन लागेल.

ही पानं एके काळी माणसं वाचायची. आता प्रोग्राम माणसं लिहीतच नाहीत, एआय एजंट लिहितात. आणि एजंट आमचा मजकूर वाचतो तो आपण औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचतो तसा. त्याचं सगळं लक्ष खालच्या नमुन्यावर. यात त्याचा आळस नाही, त्याची घडणच तशी आहे. तो अगणित प्रोग्राम वाचून शिकलेला असतो आणि जे पुन्हा पुन्हा दिसतं ते त्याला बरोबर वाटतं. माझं सूचनेचं वाक्य जगात एकाच ठिकाणी असतं. माझा नमुना मात्र पहिल्या एजंटानं उचलला की एका ॲपमध्ये जातो, ते ॲप वाचून दुसरा एजंट शिकतो आणि तिसरा त्या दोघांवरून. प्रत्येक नकलेनं पुढच्या नकलेची खात्री वाढते. थोड्या दिवसांनी नमुना हा नमुना राहत नाही, रिवाज होतो.

आमच्या मुख्य पानावरच्या नमुन्यात, कोणाला फोन लावायचा त्या जागी नाव होतं 'आई'. आणि त्यापुढे जो नंबर होता, तो माझ्या सासूबाईंचा.

तो तिथं घातला माझ्या नवऱ्यानं. शार्दूल माझ्याआधी याच कंपनीत हेच काम करायचा. आता तो जिथं आहे तिथं दस्तऐवजच नाहीत, म्हणून सुखात आहे. नंबर घालायला कारणही होतं. कंपनीचा नियम असा, की साइटवरचा प्रत्येक नमुना रोज चालवून बघायचा. म्हणजे खरोखर फोन लावायचा आणि पलीकडे खऱ्या माणसानं तो उचलून काहीतरी बोलायचं. एकदा साइटवरचा नमुनाच बिघडलेला निघाला आणि त्याच्यावरून केलेले सगळे पट्टे मुके राहिले, तेव्हापासूनचा हा नियम. आता अनोळखी नंबरवरून आलेला फोन हल्ली कोण उचलतं? शार्दूलला सबंध जगात एकच माणूस माहीत होतं. कऱ्हाडला बसस्टँडमागे त्याच्या आईचं एसटीडीचं बूथ होतं. वाजणारा फोन न उचलणं तिला जमतच नाही.

वर त्यानं ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'हा नंबर बदलून आपला नंबर टाका.' पण ते मजकुरात होतं.

रविवारी मी कऱ्हाडला गेले तेव्हा आई स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या आणि फोन फळीवर मोठ्या आवाजात लावलेला होता.

"बोला, मी ऐकतेय," त्या म्हणत होत्या. "आधी मला सांगा, कुठं लागलंय? डोक्याला न्हाई ना? मग हलू नका बघा. शेजारी कोण राहतं तुमच्या?"

पलीकडचा म्हातारा तेलुगू बोलत होता. भाषांतर फोनच करतो, आता त्याचं कुणाला अप्रूप नाही. त्याचे शेजारी येऊन दार उघडेपर्यंत आई त्याच्याशी बोलत राहिल्या. मध्येच त्यांनी त्याला कांद्याचा भाव विचारला. फोन ठेवला, तोवर दुसरा वाजला. त्या बाई पडल्याच नव्हत्या, नारळ फोडत होत्या.

"रोज असंच चाललंय?" मी विचारलं.

"कधी जास्त, कधी कमी. रात्रीचे बरेच येतात. न्हाणीघरात नेते मी फोन, पिशवीत घालून."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलंय, झोप झाली नाही तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी मागच्या भेटीत मला बाजूला घेऊन बजावलं होतं. सत्तरीची बाई सगळ्या देशातल्या पडलेल्या म्हाताऱ्यांना एकटी पुरी पडत होती आणि तिच्या घरातली दोन शिकलेली माणसं पुण्यात बसून 'बघू या' म्हणत होती.

"आई, हा नंबर बंद करू या. नवा घेऊ."

"आणि ही माणसं मग कुणाला लावतील?"

"ज्याच्या त्याच्या घरच्यांना. त्यांनी आपापले नंबर भरायला नकोत?"

"अगं, त्यांना कुठं माहितेय भरले न्हाईत ते. तो नांदेडचा शिंपी सांगत होता, पट्ट्यात आधीपासूनच 'आई' लिहिलेलं होतं, पुढं हिरवी खूण. त्याला वाटलं, पोरानं भरून दिलं. पोराला वाटलं, बापानं भरलं." त्यांनी कांदा कढईत टाकला. "आई म्हटल्यावर कोण कशाला बदलेल?"

आम्ही जगातली सगळ्यात विश्वासाची दोन अक्षरं नमुन्यात घातली होती. लोकांनी विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक होती.

चार वाजता फोन पुन्हा वाजला. आईंनी हात पुसले, केस नीट केले आणि फोन घेतला. पलीकडून आमच्या कंपनीचा तो ओळखीचा आवाज म्हणाला, "ही चाचणी आहे. ऐकू येत असेल तर काहीही बोला."

"ऐकतेय हो. चहा झाला का? आज सून आलीय माझी."

"आभार," म्हणून आवाज बंद झाला.

"हा तुमचा चारचा माणूस," आई म्हणाल्या. "बोलत काही न्हाई, पण वेळेचा पक्का आहे."

पुण्याला परतल्यावर मी सगळा राग शार्दूलवर काढला. त्याचा तेवढा हक्क होताच.

"तू तुझा नंबर का नाही घातलास?"

"मी फोन उचलत नाही, हे तुला माहितेय."

"मला चांगलंच माहितेय. पण आईंचं काय झालंय ते तू बघितलंयस का? शेवटचा कधी गेलास?"

"अगं, मी लाल अक्षरात लिहिलं होतं," तो म्हणाला. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते त्याच्या कपाळावर लाल अक्षरात लिहावंसं वाटतं. "आणि पट्टा दिलाय ना तिला दिवाळीत? मी स्वतः चालू करून दिला. काही झालं तर कळेल आपल्याला."

माझी दुरुस्ती खरं तर अगदी साधी होती. नमुन्यातून नंबर काढून टाकायचा, नाव काढून टाकायचं, आणि ती जागा रिकामी ठेवायची. जोवर कोणी खरा नंबर भरत नाही, तोवर प्रोग्राम सुरूच होणार नाही. तो आधी विचारेल, 'कोणाला फोन लावू?' पण तपासनीसाचं म्हणणं, जुना नमुना चालवला की फोन लागतो, कोणीतरी बोलतं. तुमचा नमुना चालवला की तो थांबतो आणि प्रश्न विचारतो. म्हणजे तुमचा चालत नाही. मी त्याला लिहून पाहिलं की थांबणं हेच त्याचं काम आहे. त्यावर आभार आले.

मग मी नंदिनी पोंक्षेंकडे गेले. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख.

"तुम्ही सेवेतच तो नंबर अडवा ना," मी म्हटलं.

"आणीबाणीचा फोन अडवायचा? कायद्यानं गुन्हा आहे तो, ऋचा."

"मग तपासनीसाला बाजूला सारून मला दुरुस्ती करू द्या."

"ते विम्याच्या करारात बसत नाही. चालत्या उदाहरणाला माणसानं हात लावायचा नाही. ते बंद पडलं तर गोष्ट वेगळी. मग निर्णय माणसाकडे येतो." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "एक दिवस चारचा फोन नाही उचलला तुमच्या सासूबाईंनी, तर झालं की."

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिथूनच आईंना फोन लावला.

"आई, फक्त एक दिवस. उद्या चारचा फोन उचलू नका. तेवढ्यानं ही सगळी कटकट संपेल."

"तो चारचाच आहे हे मला कसं कळायचं? सगळे एकाच नंबरावरून येतात."

"चार वाजता येतो तो चारचाच असणार."

"चार वाजता कुणी पडत न्हाई का?"

"अहो आई, एक दिवस. एक फोन."

"आणि त्या एका फोनात कुणी असलं तर? मी इथं हातावर हात ठेवून बसू? मला न्हाई जमायचं, ऋचा. तू दुसरं काहीतरी बघ."

मी त्यांना नको ते बोलले. तुम्हाला यात मिरवायला आवडतं, असं म्हणाले. त्यांनी शांतपणे "बरं" म्हटलं आणि दुसरा फोन येतोय म्हणून माझा ठेवून दिला. त्यानंतर आठवडाभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी रोज दुरुस्ती पाठवत होते, तपासनीस रोज आभार मानत होता.

गुरुवारी दुपारी तपासनीसाचा निरोप आला. मी न वाचताच बाजूला सारणार होते, पण त्यात 'आभार' नव्हतं.

'जुने उदाहरण चालत नाही. फोन लागला, कोणी बोलले नाही. चालणारे उदाहरण उपलब्ध नाही. निर्णय माणसाकडे सोपवत आहे.'

मी खुर्चीतून उठलेच. शेजारच्या टेबलावरच्या मुलींना सांगितलं की आज चहा माझ्याकडून. माझी दुरुस्ती उघडली. इतके दिवस करडं असलेलं मंजुरीचं बटण हिरवं झालं होतं. मनात म्हटलं, ऐकलं शेवटी माझ्या सासूनं. रागावल्या होत्या तरी ऐकलं.

आणि बटणावर बोट ठेवलेलं असतानाच मला कळलं की हे खोटं आहे. त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत. समजा ऐकलंच असतं, तर आधी फोन करून मला दोन शब्द सुनावले असते. ती बाई न्हाणीघरात फोन पिशवीत घालून नेते. तिनं फोन उचलला नाही, याचा अर्थ एकच होता.

मी कऱ्हाडला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या घरात फोन असा वाजत राहिलेला मी लग्न झाल्यापासून कधी ऐकला नव्हता. मग मी शेजारच्या रेहानाभाभींना लावला.

"भाभी, आमच्या आई फोन उचलत नाहीयेत."

"शैलाताई? उचलत न्हाईत?" त्यांनाही तेवढंच पुरलं. त्यांच्या चपला वाजलेल्या मी ऐकल्या. मग दार ठोकल्याचा आवाज. "आतून कडी हाय गं. थांब, आमच्या गच्चीवरनं जाते." मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास. मग लांबून त्यांचा आवाज, "हाय हाय, जिन्यात पडल्यात. बोलतायत. ऋचा, बोलतायत."

मी ऑफिसातच खाली बसले आणि रडले. मुली चहा घेऊन आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडच्या हॉस्पिटलमध्ये आई खाटेवर उताण्या पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन दुपारी होतं. औषधानं जीभ जड झाली होती, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"वारं सुटलं म्हणून गच्चीवरचे कपडे काढायला गेले," त्या सांगू लागल्या. "फोन खाली चार्जिंगला. येताना पाय घसरला. पडल्यावर हा पट्टा बोलायला लागला बघ. 'घाबरू नका, आईला फोन लावत आहे.' मी म्हटलं, बाबा, माझी आई जाऊन किती वर्षं झाली, तू कुठं लावतोयस? आणि खाली माझाच फोन वाजायला लागला."

शार्दूल पायथ्याशी उभा होता. तो पुढं आला आणि त्यानं आईच्या मनगटावरचा पट्टा हलकेच सोडवला. आपल्या फोनवर त्याचं पान उघडलं. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. 'संपर्क: आई', पुढं हिरवी खूण.

"मी स्वतः चालू केला होता," तो म्हणाला. "हे वाचलंसुद्धा होतं. आई लिहिलंय म्हटल्यावर मला वाटलं, बरोबर आहे."

मला त्याला पुष्कळ बोलायचं होतं, सबंध रस्ताभर मी ते जुळवत आले होते. पण तो पट्टा हातात धरून असा उभा होता की मला त्याची दया आली आणि दया आल्याचाही राग आला.

"वाजत होता तो सारखा," आई छताकडे बघत म्हणाल्या. "आधी माझाच. मग मध्ये मध्ये दुसरे. मला कळत होतं, कुणीतरी पडलंय. आणि मला पोचता येत न्हाई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. दुखण्यानं त्या रडल्या नव्हत्या.

मी व्हरांड्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडला. बटण अजून हिरवंच होतं. ते दाबून दुरुस्ती पाठवली. तपासनीसानं ती चालवली, माझा नमुना जसा थांबायला हवा तसा थांबला आणि प्रथमच तो प्रश्न माझ्यापर्यंत आला, 'कोणाला फोन लावू?'

मी शार्दूलचा नंबर भरला.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून पाहिला, अनोळखी नंबर. त्याचा अंगठा सवयीनं लाल खुणेकडे गेला.

"उचल," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उचलला. फोनमधून आवाज आला, "ही चाचणी आहे. ऐकू येत असेल तर काहीही बोला."

त्याला काही बोलताच येईना. मला वाटलं, आता ही दुरुस्तीदेखील फुकट जाणार. मग तो घसा खाकरून म्हणाला, "ऐकतोय."

'नवे उदाहरण चालते,' तपासनीसानं कळवलं. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.' या वेळी मीही मनातल्या मनात त्याला दोन शब्द ऐकवून घेतले.

आत जाऊन मी आईंना सांगितलं, की झालं. आता कोणताही नवा पट्टा घरच्या माणसाचं नाव विचारल्याशिवाय चालू होणार नाही. तुमचा नंबर गेला.

"आणि जुने?"

खोटं बोलणार होते, पण त्यांच्यापुढं ते टिकलं नसतं. "जुने आहेत तसेच आहेत. मनगटांवर गेलेत ते. ज्या त्या कंपनीनं ॲप नव्यानं करेपर्यंत तिथून फोन इथंच येणार. वर्षं लागतील."

"माझा फोन कुठाय?"

"माझ्या पर्समध्ये. तुम्ही झोपा. दुपारी ऑपरेशन आहे."

त्या झोपल्या नाहीत. पर्सकडे बघत राहिल्या. फोनचा आवाज मी बंद केला होता, पण तो थरथरत होता आणि आतल्या किल्ल्या त्याच्याबरोबर वाजत होत्या. सकाळपासून तो असाच थरथरत होता. हे माझं काम नाही, असं मी प्रत्येक वेळी स्वतःला बजावत होते. माझं काम दस्तऐवजाचं, आणि ते मी चोख केलं होतं. आता हेही गळ्यात पडणार, सुट्ट्या संपणार, पुण्याला जाताना हा फोन बरोबर न्यावा लागणार. झोपेचं खोबरं होणार, शार्दूलशी पाळ्यांवरून रोज वाद होणार. हे सगळं मला लख्ख दिसत होतं आणि माझं डोकं फिरत होतं.

आईंनी फोन मागितला नाही. त्यांनी मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं.

मी पर्स उघडली आणि फोन कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग एका फार म्हाताऱ्या माणसाचा घाबरा आवाज आला.

"आई?"

"हो," मी म्हटलं. "बोला, मी ऐकतेय."